दाबाची साडेसाती

मंडळी, गेल्या अंकात वजन-मापांवर लिहिलं तेव्हा दाबाचा विषय मुद्दामच बाजूला ठेवला होता. पास्कल आणि पीएसआय कोण वाचणार, असं वाटलं. पण मध्यंतरी घरातच असा प्रसंग घडला की लिहिल्याशिवाय राहवेना.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेन्व्हरला आली होती. रक्तदाबाची गोळी चालू, त्यामुळे रोज सकाळी घरच्या यंत्रावर बीपी बघून वहीत लिहायचं काम सौ.कडे. एके दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसात तिचा फोन. "अहो, आईंना गरगरतंय आणि बीपी एकवीसवर आलंय! वरचं एकवीस, खालचं बारा. मीठ-साखरेचं पाणी करतेय. गोळी आज देत नाही."

वरचा आकडा खरोखर एकवीस असलेला माणूस शुद्धीवर नसतो. विचारलं, "आई काय करतेय?" "सोफ्यावर बसून 'त्याला उगाच फोन करू नको' म्हणताहेत." मग आकडे टिंबासकट वाचायला सांगितले. २१.३ आणि १२.८, आणि कोपऱ्यात 'केपीए' अशी बारीक अक्षरं. आदल्या रात्री चिरंजीवांनी यंत्राची सगळी बटणं दाबून पाहिली होती! काही यंत्रांत एकक बदलायची सोय असते. आमचं यंत्र पाऱ्याच्या मिलिमीटरवरून किलोपास्कलवर गेलं होतं.

१ किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर. गुणून बघा: २१.३ चे १६०, १२.८ चे ९६. म्हणजे बीपी कमी नव्हतं, चांगलंच वाढलं होतं, आणि आमच्या घरी मिठाचं पाणी ढवळणं चाललं होतं. "ते पाणी आधी ओतून टाक," म्हटलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी बोलावून तपासलं, गोळी बदलून दिली. तेव्हापासून आमच्याकडे या साडेसातला 'साडेसाती'च म्हणतात.

आता रक्त मोजायला पारा कशाला? १६४३ च्या सुमारास इटलीत टॉरिचेलीच्या प्रयोगात दिसलं की हवेचा दाब नळीतला पारा सुमारे ७६० मिलिमीटर उंच तोलून धरतो. पुढे फ्रान्समध्ये पास्कलने थोरल्या बहिणीच्या यजमानांना पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर धाडलं (१६४८). वर पारा खाली उतरला, म्हणजे उंचावर हवेचा दाब कमी. मेव्हण्याला कामाला लावायची पद्धत तिकडेही आहे तर! १८९६ साली रीवा-रोची या इटालियन डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर रक्तदाब मोजला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेच यंत्र पाण्याचं केलं असतं तर १२० च्या बीपीसाठी सव्वापाच फूट उंच नळी लागली असती. आता बहुतेक यंत्रांतून पारा गेला, एकक मात्र राहिलं.

पास्कल हे एकक १९७१ साली आंतरराष्ट्रीय मान्यतेने आलं, पण ते फारच चिमुकलं. टेबलावर कागदाचा एक ताव ठेवला तर त्याचा दाब साधारण पाऊण पास्कल. म्हणून व्यवहारात किलोपास्कल.

याच हवेच्या दाबाशी आमच्या गावी विहिरीवर भांडण असे. वरचा पंप पाणी 'ओढतो' अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात पंप फक्त पाइपातली हवा काढतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आणि ती फार तर १० मीटर ढकलते, व्यवहारात सहा-सातच. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की पंप विहिरीत खाली उतरवावाच लागायचा. जास्त हॉर्सपॉवरचा पंप आणून उपयोग नाही, हे काकांना पटायला दोन उन्हाळे गेले.

आता टायर. आपल्याकडे पंक्चरवाला विचारतो, "किती पौंड?" ते पौंड म्हणजेच इथला पीएसआय, दर चौरस इंचावर इतके पौंड. युरोपात गाडी भाड्याने घेतलीत तर दाराच्या चौकटीवर २.३ दिसेल, ते बार. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे ३३ च्या थोडं वर. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. विद्यार्थिदशेत मी तोच भरून बर्फावर गाडी फिरकी घेताना अनुभवली आहे. थंडीत तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की साधारण १ पीएसआय जातो, म्हणून पहिल्या गारठ्याला डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो. टायर फाटलाय असं समजून घाबरू नका, पण थंड टायरचा दाब मोजा जरूर.

एक बारकावा. पंक्चर झालेल्या टायरला गेज शून्य दाखवतं, तरी आत हवा असतेच, बाहेरच्याइतकी. गेज फक्त 'वरचा' दाब सांगतं. बीपीचंही तसंच. आणि कुकरचंही! शिट्टीचं वजन हवेपेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त दाब झाला की उचललं जातं. समुद्रसपाटीला हवा १४.७ पीएसआय, आमच्या डेन्व्हरला जेमतेम १२. म्हणून उघड्या पातेल्यात इथे पाणी १०० ऐवजी ९५ सेल्सियसलाच उकळतं आणि डाळ तासन् तास बोटचेपी होत नाही. कुकरमध्ये १२० ऐवजी साधारण ११७. फरक लहान, पण राजमा-छोल्यांना कळतो. आईने आल्या आल्या "तुमच्याकडची तूरडाळच जुनी" असं जाहीर केलं होतं. मी तिला पास्कलच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि दोन शिट्ट्या वाढवल्या.

यंत्राच्या त्या बटणावर सौ.ने आता चिकटपट्टी लावली आहे.