विश्लेषण : बालगृहाला एका रविवारची भेट पुरते का?

डिसेंबर उजाडला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या कॉलेजांत वर्गणीचे डबे फिरू लागतात. वह्या, रंगपेट्या, खाऊ जमतो. मुलींचा एखादा गट रविवारी बालगृहात जातो, गाणी-खेळ होतात, केक कापला जातो आणि परतीच्या लोकलमध्ये त्याचे रीलही तयार होते. हेतूबद्दल शंका नाही. प्रश्न पुढच्या रविवारचा आहे. आज गळ्यात पडलेली ताई पुन्हा दिसत नाही, आणि ज्या मुलांना आधीच कुणीतरी सोडून गेले आहे, त्यांना हा अनुभव नवा नसतो.

रील टाकले तर काय बिघडते?

थेट कायदा आडवा येतो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा तपशील किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बालगृहातील मूल कधी छळातून सुटलेले असते, कधी त्याच्या शोधात नको ती माणसे असतात. मागच्या भिंतीवरचा फलकही पत्ता सांगून जातो. चेहऱ्यावर हसरी इमोजी चिकटवून हे टळत नाही. फोटो काढूच नये, हे सोपे. (मग प्राचार्यांना अहवालात काय दाखवायचे? हजेरीपत्रक दाखवावे.)

वेळ आणायचा कुठून?

तो आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120 तास काम करणे अपेक्षित असते. आठवड्याला दोन तास धरले तर 30 आठवड्यांत 60 तास होतात. वर्षाचा निम्मा कोटा झाला आणि तरीही उरलेले तास वृक्षारोपण, रक्तदान शिबिरे, प्रभातफेऱ्या यांना मोकळे राहिले. तेच मूल, तीच ताई, तोच वार, एवढे मात्र पाळायला हवे.

अमेरिकेतील कॉलेजांत मुलींची भगिनीमंडळे असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. 1870 मध्ये स्थापन झालेल्या कप्पा अल्फा थीटा या मंडळाने 1989 मध्ये ‘कासा’ हे काम आपले मानले. सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सौकप यांनी 1977 मध्ये त्याची सुरुवात केली होती. न्यायालयात ज्या मुलाचा निर्णय होणार, त्याची बाजू समजून घेऊन ती मांडायला प्रशिक्षित स्वयंसेवक नेमायचा, ही कल्पना. मंडळाच्या मुली त्यासाठी निधी उभारतात. आपल्याकडे हा निर्णय अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती घेते. तिथे कॉलेजकन्येने वकिली करावी असे कुणी म्हणणार नाही. उचलण्यासारखे आहे ते टिकून राहणे.

ते मुंबईत घडलेलेही आहे. आकांक्षा फाउंडेशन शाहीन मिस्त्री यांनी कॉलेजच्या वयातच सुरू केले. कुलाब्याच्या होली नेम शाळेतील एका खोलीत 15 मुले आणि शिकवायला कॉलेजचेच विद्यार्थी, अशी ती सुरुवात होती. आज ही संस्था महापालिकांसोबत शाळा चालवते.

मदत नेमकी कुणाला हवी?

खाऊ नेणाऱ्यांचे लक्ष लहानग्यांकडे जाते. माझ्या मते कॉलेजकन्येची खरी गरज असते ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. त्यानंतर 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यात व नियमांत आहे, पण तिथपर्यंत पोचायला कागद लागतात. आधार कार्ड, बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला, अकरावीचा ऑनलाइन अर्ज, त्यातला पसंतीक्रम. घरी आई-बाबा किंवा शेजारची दादा-ताई हे सगळे रात्री बसून भरून देतात. जिला घरच नाही तिच्याशेजारी कोण बसणार? दोन वर्षांपूर्वी हाच अर्ज स्वतः भरलेली एफवायची मुलगी त्यासाठी कुणाही अधिकाऱ्यापेक्षा उपयोगाची आहे. जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवर अडतो, तेव्हा संस्थेच्या अधीक्षकांना गाठून पुढचा मार्ग विचारणे हेही तिला जमेल.

पैसे जमवायचेच असतील तर क्लासची फी, प्रवेश शुल्क, रेल्वे पास यांसाठी जमवावेत आणि ते संस्थेच्या खात्यात पावती घेऊन द्यावेत.

जवळ कुठे जायचे?

मुंबईतील मुलांसाठी 1927 पासून काम करणाऱ्या चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे मानखुर्दला आहेत. घाटकोपर-मुलुंडकरांना कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर मार्गाने जाता येते. कुठल्याही बालगृहात जायचे तर परवानगी हवी आणि ती रीतसर, कॉलेजच्या पत्रानेच मागावी. त्या पत्रात ‘आम्ही एक कार्यक्रम करू इच्छितो’ हे वाक्य नको. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या विषयासाठी आणि परीक्षेच्या महिन्यात आमच्या जागी कोण येईल, एवढे लिहावे.