आधी खुराडे, मग कोंबड्या

परसातील कोंबडी म्हणजे गृहिणीच्या हाती येणारा मीठ-मिरचीचा पैसा होय. परंतु रात्री मुंगूस वा रानमांजर खुराड्यात शिरले, की वर्षभराची मेहनत वाया जाते. मग शेतकरी बंधू चिडून सापळा लावतात किंवा विष पेरतात. आमच्या मते हा मार्ग सर्वथा अयोग्य आहे. ही जनावरे शेतातील उंदीर खातात. विषाने गावची कुत्रीही मरतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये या जनावरांना मारणे गुन्हा आहे.

खरा दोष खुराड्याचा असतो. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून मुंगूस सहज आत शिरते. म्हणून अर्ध्या इंची छिद्रांची मजबूत जाळी वापरावी व ती जमिनीत फूटभर पुरावी. दारास पक्की कडी असावी. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या डालाव्यात. सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.

ग्रामसेवकांना आमची विनंती आहे, की पिलांचे वाटप होण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक घरचे खुराडे स्वतः पाहावे. जेथे ते पक्के नसेल, तेथे आधी ते बांधवून घ्यावे. पिले त्यानंतर द्यावीत.