जनान्यातली एक रात्र, न्याहारीसकट

आमच्या गटाची वार्षिक बैठक यंदा कुठे घ्यायची यावरून गेल्या महिन्यात भांडण झाले आणि त्यात मी एकटी पडले. मते घेतली, मी हरले, विषय संपला. पण माझे म्हणणे संपलेले नाही. ते फक्त आमच्या गटापुरते नाही असे वाटते, म्हणून इथे मांडते आहे.

दरवर्षी आम्ही एखाद्या शाळेत, नाहीतर धर्मशाळेत सतरंज्या टाकून बैठक घेतो. यंदा एका हितचिंतक मैत्रिणीने सुचवले, तिच्या ओळखीच्या एका जुन्या वाड्याचे आता हॉटेल झाले आहे, हंगाम नसताना ते निम्म्या दरात द्यायला तयार आहेत. तिने माहितीपत्रक आणले होते. गुळगुळीत कागद, पितळी समया, झोपाळा, आणि दारात नऊवारी नेसवलेली, हातात ओवाळणीचे तबक दिलेली एक मुलगी. खाली ओळ: ‘जनान्यातली एक रात्र अनुभवा’. दरात सकाळची न्याहारी धरलेली.

बहुतेकींना कल्पना आवडली. मी म्हटले, जनाना म्हणजे काय ते माहीत आहे ना? त्यावर एकजण वैतागून म्हणाली, “अगं, बायकांनी दोन दिवस गादीवर झोपायचं म्हटलं तरी तुला पितृसत्ताच दिसते का?”

हो, दिसते. कुठे दिसते ते सांगते.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या वाड्यात जनाना आला कुठून? आपल्याकडे माजघर. पण माजघर म्हटले की गिऱ्हाईक येत नाही, जनाना म्हटले की येते, कारण हा सगळा धंदा राजस्थानातून शिकून आलेला आहे. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ साली हॉटेल झाला, उदयपूरच्या तळ्यातला जगनिवास त्यानंतर काही वर्षांनी. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा पडक्या होऊ लागलेल्या राजवाड्यांना उत्पन्नाची ही वाट आणखीच सोयीची वाटली. पुढे सरकारने ‘हेरिटेज हॉटेल’ असा वेगळा वर्गच केला. इमारत १९५० पूर्वीची असावी, जुने रूप राखलेले असावे, अशा अटी. भिंती, कमानी, दर्शनी भाग, सगळ्याची पाहणी होते. त्या भिंतींच्या आत कोण कोंडलेले होते, याचा रकाना त्या अर्जात नाही.

गायत्रीदेवी १९४० मध्ये लग्न होऊन जयपूरला आल्या. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की तेव्हाही तिथल्या जनान्यात चारशेच्या आसपास बायका होत्या. राण्या, विधवा नातलग, त्यांच्या दासी, स्वयंपाकिणी. राणीसाठी सोन्याचा पिंजरा होता म्हणावे, तर दासीसाठी नुसताच पिंजरा. आज ज्या जाळीदार खिडकीपाशी बसून पाहुणे चहा पितात आणि फोटो काढून घेतात, ती जाळी बाईने बाहेर बघावे पण बाईला कोणी बघू नये यासाठी कोरलेली आहे. कारागिरी अप्रतिम आहे, मी नाकारत नाही. गज कितीही नक्षीदार असले तरी त्यांना गजच म्हणतात.

त्याच रामबागची आणखी एक हकीकत आहे आणि ती मला फार आवडते. आज जिथे एका रात्रीला आपल्या कार्यकर्तीच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढे भाडे पडते, तिथली पहिली इमारत १८३५ साली राजपुत्र रामसिंगाच्या दाईसाठी बांधलेले बागेतले घर होती. एका बाईने दूध पाजले, त्याच्या मोबदल्यात ते घर उभे राहिले. मग ते शिकारीचे घर झाले, मग राजवाडा झाला आणि तो महाराजांच्या नावाने ओळखला गेला. वारसा म्हणतात तो असा वर सरकत जातो.

जोधपूरचा उमेदभवन १९२९ ते १९४३ असा चौदा वर्षे बांधला गेला. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून महाराजांनी तो बांधायला काढला, असे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. दोन-तीन हजार माणसे त्या कामावर होती. आता दुष्काळी काम म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्या बायका आठवतात, बांधावर झोपवलेली पोरे आठवतात. त्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा आला. तिकडच्या दुष्काळातून राजाला राहायला घर आले. दोन्ही ‘लोकांना काम’च, पण काम संपल्यावर हातात काय उरले ते बघा.

आणि जोधपूरलाच गडाच्या लोहापोळ दरवाजापाशी भिंतीवर हातांचे ठसे आहेत. १८४३ मध्ये महाराजा मानसिंगांच्या मागे सती गेलेल्या बायकांचे हे हात. शेंदूर लावलेले, वर्ख चढवलेले. हॉटेलातून निघालेली सहल तिथे थांबते, फोटो होतात, पुढे जाते. हे जुने झाले म्हणून सोडून द्यावे, तर ४ सप्टेंबर १९८७ ला देवराळ्यात रूपकंवर जळाली तीही राजस्थानातच. त्यानंतर सतीचे उदात्तीकरण हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, आपल्यातल्या कितीतरी जणी तेव्हा रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या उदात्तीकरणाच्या खटल्यातले आठ आरोपी जयपूरच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सोडून दिले. सदतीस वर्षांनी. मग पर्यटकाला हाताचे ठसे ‘राजपूत स्त्रीच्या निष्ठेची खूण’ म्हणून दाखवणे याला काय म्हणायचे?

राजस्थानावरच खापर फोडून मोकळे होण्याचा मोह आपल्याला नेहमी होतो. म्हणून बैठक ठरण्याआधी मी आमचा तो वाडा बघून आले.

व्यवस्थापक मुलगा भला होता. त्याने चौक दाखवला, तुळशीवृंदावन दाखवले, दिवाणखान्यातल्या तसबिरी दाखवल्या. पगड्यावाले सात पुरुष, एकही बाई नाही. मग माजघराच्या मागे, दोन पायऱ्या उतरून, एक लहानशी खोली. तिला एकच झरोका, तोही छपराजवळ. आत मंद दिवे, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. नवविवाहितांसाठीची ही सर्वांत महाग खोली, तो म्हणाला. मी विचारले, पूर्वी इथे काय होते? त्याला ठाऊक नव्हते. दारापाशी फरशी पुसणारी पन्नाशीची बाई मान वर न करता म्हणाली, “बाळंतिणीची खोली व्हती ती.”

माझी आजी अशाच खोलीत नऊ वेळा बाळंत झाली. अंधार, शेगडीचा धूर, वारा लागू नये म्हणून बंद केलेला झरोका. नऊपैकी चार वाचली. मला त्या पाकळ्यांकडे बघवेना.

वाड्यांच्या इतिहासात आणखी कोण होते हे आपण पाठ्यपुस्तकात वाचत नाही, पण पेशवाईची दप्तरे सांगतात. विकत घेतलेल्या, दंड म्हणून धरून आणलेल्या कुणबिणी आणि बटकी वाड्यांवर, किल्ल्यांवर, कोठ्यांवर राबत होत्या. दळण, शेणगोठा, पाणी, आणि मालकाची मर्जी. केस काढलेल्या, लाल अलवणातल्या विधवा माजघराच्या कोपऱ्यात वाती वळत बसत. यातले काही त्या माहितीपत्रकात नाही. पुरणपोळी आहे.

फरशी पुसणाऱ्या त्या बाईशी मी नंतर मागच्या अंगणात बोलले. शेजारच्या वस्तीतून सकाळी सातला येते, चादरी धुण्यापासून भांड्यांपर्यंत सगळे करते. हजेरीपटावर नाव नाही, कारण ती ‘कंत्राटदाराची’. दर्शनी भागात येताना नऊवारी नेसायची सक्ती आहे, ती नेसायला लागणारा अर्धा तास मजुरीत धरत नाहीत. तिने आयुष्यभर गोलच नेसलेले आहे. तिची परंपरा तिला दुसऱ्याने शिकवली. लैंगिक छळाविरुद्धची समिती आहे का विचारल्यावर ती हसली. ज्या कायद्याने अशी समिती सक्तीची झाली तो २०१३ चा कायदा ज्या १९९७ च्या विशाखा निकालातून आला, तो निकाल जयपूर जिल्ह्यातल्या भटेरीच्या भंवरीदेवीमुळे झाला. साथिन म्हणून तिने बालविवाह थांबवायला जावे, त्यासाठी १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार व्हावा, आणि १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडावे. राजस्थानचा हाही वारसाच आहे. त्याची सहल निघत नाही.

संध्याकाळी चौकात लावणीचा कार्यक्रम असतो, असेही कळले. इथे जरा थांबते, कारण २००५ मध्ये आपल्या सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा स्त्रियांची प्रतिष्ठा हे कारण दिले होते. पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना त्याच कायद्यात सूट होती. म्हणजे बाई साध्या बारमध्ये नाचली तर समाज बिघडतो, गालिच्यावर नाचली तर संस्कृती. आपल्यातही तेव्हा दोन मते होती आणि वाद कडवट झाले. पण हा दुटप्पीपणा उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उघडा पाडला, ते सर्वांनीच पुन्हा वाचावे.

आता माझ्याविरुद्ध जे म्हटले गेले त्याकडे वळते. हॉटेल झाले नसते तर वाडा कोसळला असता, हे खरे. राजस्थानात नीमराण्याचा १४६४ सालचा गड निव्वळ ढिगारा होत चालला होता. १९८६ मध्ये दोघांनी तो विकत घेतला, १९९१ मध्ये पाहुण्यांना उघडला, म्हणून तो आज उभा आहे. गावात चार घरांत पगार जातो, हेही खरे. आणि सर्वांत खरे ते आमच्या शोभाताई म्हणाल्या: “घरच्या सहलीला गेले तरी पोळ्यांचा डबा मीच बांधते. मला एकदा आयता चहा मिळू दे.” यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि असूही नये. बाईच्या विश्रांतीची थट्टा करणारी चळवळ मला नको. हॉटेल ही तिच्यासाठी चूल नसलेली एकमेव जागा असू शकते.

पण त्या जागेचे दारही तिला सहज उघडत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही तिघी एका तालुक्याच्या गावी शिबिरासाठी गेलो, एसटी रात्री साडेदहाला पोचली. दोन लॉजवाल्यांनी ‘सोबत पुरुष नाही’ म्हणून खोली नाकारली. तिसऱ्याने दिली, पण आमच्या वडिलांची नावे वहीत लिहून घेतली. आमच्यातली सर्वांत लहान बेचाळीस वर्षांची होती. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेल हा शब्द चक्क लिहिलेला आहे: लिंगावरून, जातीवरून तिथे कोणाला अटकाव करता येणार नाही. आणि दारू मिळते तिथे बाईने नोकरी करू नये, हा १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातला जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला तोही हॉटेलांच्याच खटल्यात. बाईचे संरक्षण करतो म्हणून तिची भाकरी काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणजे हॉटेल ही आपली लढाईची जागा आहे, तिच्याकडे पाठ फिरवा असे मी म्हणतच नाही.

मी बैठकीला जाणार आहे. मते माझ्याविरुद्ध पडली, ती मला मान्य आहेत. पण जाण्याआधी वाड्याच्या मालकांना एक पत्र जावे, एवढे मी मंजूर करून घेतले आहे. ‘जनाना’ हा शब्द पत्रकातून काढा. त्या खोलीच्या दारावर ती बाळंतिणीची खोली होती हे लिहा, आणि त्या घरातल्या ज्या बायकांची नावे सापडतील त्यांची पाटी दिवाणखान्यात लावा, दासींसकट. सफाईच्या बायकांची नावे हजेरीपटावर घ्या, नऊवारीचा अर्धा तास मजुरीत धरा. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर अंतर्गत समितीची नावे भिंतीवर लावा, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावा. एकटी बाई आली तर तिला कोणाचेही नाव न विचारता खोली द्या. यातले काही झाले नाही तर आम्ही सतरंज्या घेऊन पुन्हा शाळेत.

पत्राचा मसुदा तयार आहे. आपापल्या भागातल्या वाड्यांना, बंगल्यांना असेच पत्र पाठवायचे असेल त्या गटांनी संपादकांकडून प्रत मागवून घ्यावी. पुसणाऱ्या बाईला मी तो वाचून दाखवला. तिने एक दुरुस्ती सांगितली: धुणे-भांड्याला हातमोजे. ती घातली आहे.