आमच्या गल्लीचे नाव पाकिस्तान नाही

पनवेल स्टेशनबाहेरच्या फळगाडीवर पेरू आणि मोसंबी शेजारी-शेजारी मांडलेले असतात. पेरू नावाचा देशही आहे, पण आपल्या फळाचा त्याच्याशी संबंध बहुधा नाही. पोर्तुगीज नाशपातीला 'पेरा' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असे मानतात. मोसंबी मात्र मोझांबिकची. आणि मोझांबिक हे नाव तिथल्या बेटावरच्या मूसा बिन बीक नावाच्या अरबावरून पडले असे सांगतात. म्हणजे दवाखान्यात कुणाला बघायला जाताना आपण जी पिशवी नेतो, तिच्यात एक मूसा असतो! चहातली चीनी चीनची. आजी हातावर ठेवते ती मिस्री मिस्रची, म्हणजे इजिप्तची. नाक्यावरचे चायनीज कुठल्या देशाचे, हे गाडीवालाच जाणे. (२०२० मध्ये गलवाननंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज खाण्यावर बहिष्कार टाका असे आवाहन केले होते. गाड्या चालूच राहिल्या.)

वस्तूला देशाचे नाव चिकटते ते व्यापारातून, आणि त्यात कुणाचे काही जात नाही. तरी तुर्कांना ते खटकलेच. इंग्रजीत 'टर्की' म्हणजे एक पक्षी. गंमत अशी की, त्याच पक्ष्याला तुर्क लोक 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'. पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. प्रत्येकाने त्याचा पत्ता दुसऱ्याच्या दारावर लिहिला. जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाच्या विनंतीवरून 'तुर्किये' हे नाव स्वीकारले. देशाला परराष्ट्रमंत्री असतो, तो पत्र पाठवू शकतो. गल्लीला कोण असते?

आपल्याच रायगड जिल्ह्यात बघा. अलिबागला इस्रायल आळी आहे. तिथे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू राहत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. इस्रायल नावाचा देश १९४८ मध्ये जन्मला, तोवर आपल्याकडे हा शब्द शेजाऱ्याची ओळख म्हणून कितीतरी वर्षे वापरात होता. त्याच किनाऱ्यावर खाली मुरूडला जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख 'हबसाण' म्हणून ओळखला जाई. हबसाण म्हणजे हबशांचा, ॲबिसिनियाच्या लोकांचा प्रदेश. आणि १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेशी चाकणचा किल्ला झुंजवणाऱ्या किल्लेदाराचे नाव काय, तर फिरंगोजी नरसाळा. नावात फिरंगी आहे म्हणून त्याला कुणी पोर्तुगालला जा म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग 'पाकिस्तान' या शब्दाचे काय झाले?

परदेशाचे नाव इथल्याच माणसाला चिकटवण्याची खोड तशी जुनी आहे. 'यवन' म्हणजे मुळात आयोनियाचे ग्रीक. तो शब्द घसरत घसरत मराठी बखरींत आला तोवर त्याचा अर्थ मुसलमान झाला होता. यात इथेच जन्मलेले, इथलीच बोली बोलणारेही आले. पण 'यवन' आज पुस्तकात आहे. 'पाकिस्तान' रिक्षात आहे, शाळेच्या मधल्या सुट्टीत आहे, क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी तर हमखास आहे. मोहल्ला दिसला की पाकिस्तान. इथे शब्दाचा अर्थ देश राहत नाही, 'आत जाऊ नका' एवढाच उरतो.

हे फक्त नाक्यावरचे बोलणे नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सुनावणी चालू असताना बंगळुरूच्या एका मुस्लिमबहुल भागाला पाकिस्तान म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी दिलगिरी व्यक्त केली आणि २५ सप्टेंबरला प्रकरण मिटवताना सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले की भारताच्या कुठल्याही भागाला पाकिस्तान म्हणता येणार नाही. हे लक्षात ठेवा. त्याच्यासोबत हेही लक्षात ठेवा: फेब्रुवारी २०२५ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले की माणसाला 'पाकिस्तानी' म्हणणे असभ्य आहे, पण भारतीय दंडविधानाच्या कलम २९८ खाली धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा होत नाही. तक्रारदार सरकारी कार्यालयातला उर्दू अनुवादक होता. म्हणजे जमिनीला म्हणता येत नाही; माणसाला म्हटले तर निदान त्या कलमात ते बसत नाही. दोन्ही निकालांत शिस्त असेल, पण ज्याला रोज ऐकावे लागते त्याला हा फरक समजावून सांगणे अवघड आहे.

दुसरा शब्द याहून धारदार आहे: 'बांगलादेशी'. फेरीवाला, गवंडी, भंगार गोळा करणारा, कुणालाही लावा. जून २०२५ मध्ये मीरा रोडसारख्या भागांतून पश्चिम बंगालच्या मजुरांना बांगलादेशी ठरवून उचलले गेले आणि सरहद्दीपलीकडे ढकलले गेले. पुढे ते भारतीय असल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना परत आणावे लागले. शिवी म्हणून फिरणारा शब्द असा एके दिवशी कागदावर चढतो.

आता आपल्याविषयी. आपल्यातलेच काही जण ग्रुपचे नाव 'मिनी पाकिस्तान' ठेवतात, रीलवर तोच टॅग टाकतात. कारण कळते: टोमणा दुसऱ्याने मारण्याआधी आपणच मारला की कमी लागतो. पण भाड्याने खोली देणारा, पार्सल पोहोचवणारा पोरगा, चौकीतला नवा हवालदार यांना तुमचा विनोद कळत नाही. त्यांना फक्त नाव कळते. उद्या 'तुम्हीच तर म्हणता' हे उत्तर आपल्या हातात ठेवले जाईल. त्यातही सगळ्यात लहान भाऊ-बहिणींना विनोद आणि पत्ता यांतला फरक अजून माहीत नसतो. ग्रुपचे नाव आज बदला.

आणि रिक्षावाल्याने 'पाकिस्तानात जायचे का?' विचारले तर भांडू नका, हसूही नका. गल्लीचे खरे नाव सांगा, कोपऱ्यावरच्या दुकानाची खूण सांगा, आणि बसा. पुढच्या वेळी तोच विचारेल, तेव्हा पुन्हा तेच सांगा.