सगळ्या रायफली सारख्याच?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या एन.सी.सी. शिबिरात नेमबाजीच्या संघाची निवड झाली आणि तीत मी गळलो. त्याचे दुःख आता उरले नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल. पण हा लेख त्या दुःखापायी लिहिलेला नाही.

सरावाचे दोन्ही दिवस मी तिसऱ्या फायरिंग पॉइंटवर होतो. तिथल्या रायफलीने माझ्या गोळ्या काळ्या वर्तुळात पडत होत्या. निवडीच्या दिवशी माझी डिटेल बदलली आणि मी सातव्या पॉइंटवर गेलो. पाचही गोळ्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या, पण वर्तुळाच्या चार बोटे खाली! गुण मिळाले अर्थातच कमी. मी उस्तादांना म्हटले, "रायफल वेगळी होती." ते म्हणाले, "रायफल सब एक जैसी हैं. फर्क फायरर में होता है." रात्री तंबूत मित्रांनी माझी समजूत घातली ती उलट टोकाची : "ती सात नंबर मरतुकडी आहे रे, तिच्यातून गोळी जोरात सुटतच नाही."

मित्रांचे म्हणणे गोड होते, म्हणून मी ते तीन आठवडे खरे मानले. मग सुट्टीत ग्रंथालयात बसलो.

माझा विषय इतिहास. त्यामुळे प्रथम भेटला तो बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. त्याने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची युक्ती दिली आहे. लाकडी फळी बसवलेला जड लंबक टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलला त्यावरून वेग काढायचा. आज हेच काम विजेवर चालणारे क्रोनोग्राफ यंत्र करते. एकाच नमुन्याच्या दोन रायफली अशा यंत्रासमोर ठेवल्या आणि एकाच खोक्यातली काडतुसे झाडली, तरी नाळेच्या तोंडाशी गोळीचा वेग तंतोतंत सारखा येत नाही. मित्र इतपत बरोबर होते.

असे का व्हावे? नाळ कोरणारे हत्यार प्रत्येक नाळेगणिक किंचित झिजते. त्यामुळे एक नाळ केसाच्याही अंशाने घट्ट होते, दुसरी सैल. पॉइंट टू टू ची गोळी मऊ शिशाची. घट्ट नाळेत ती वायू चांगला अडवते, पण घासतेही जास्त. सैल नाळेत घासत नाही, पण वायू निसटतो. या ओढाताणीत कोण जिंकेल हे नुसत्या मापावरून सांगता येत नाही, झाडूनच पाहावे लागते. काडतूस बसते ती पोकळी किती ऐसपैस आहे, गोळी नाळेतल्या आट्यांना लगेच भिडते की थोडे अंतर जाऊन, यावर आतला दाब कसा चढतो ते ठरते. शिवाय या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात असतो. फायरिंग पिनची स्प्रिंग थकलेली असेल तर ठोका दुबळा बसतो आणि दारू प्रत्येक वेळी सारखी पेटत नाही. नाळेतली घाण, नुकतेच दिलेले तेल, हवेतली थंडी यांचाही यात वाटा असतोच.

मला सर्वांत चकित केले ते लांबीने. नाळ लांब तेवढा वेग जास्त, असे मी धरून चाललो होतो. पण या काडतुसात दारू चिमूटभर. सुमारे सोळा ते एकोणीस इंचांपर्यंत ती गोळीला ढकलते. त्यापुढची नाळ गोळीला घासून उलट थोडी मंदावते.

माझे वडील शिलाईकाम करतात. त्यांच्याकडे एकाच कारखान्याची दोन मशीन आहेत; एकीवर बसवलेला धाग्याचा ताण दुसरीला चालत नाही. मी हे नाळेचे पुराण सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. एवढे शिकून हे पुस्तकात पाहावे लागते, याचे मात्र वाटले.

आता माझ्या चार बोटांचा हिशेब. समजा, एका रायफलीतून गोळी सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटली आणि दुसरीतून ३१५ मीटरने. आमचे टार्गेट पंचवीस मीटरवर. तेवढ्या अंतरात मंद गोळी जास्तीची खाली येते ती फक्त दोन मिलिमीटर! गणित मी तीनदा केले, उत्तर बदलेना. चार बोटे म्हणजे सत्तर मिलिमीटर तरी झाले. तेव्हा दोष वेगाचा नव्हता. सात नंबरची माशी वेगळी बसवलेली होती, एवढाच अर्थ निघतो. 'मरतुकडी रायफल' ही माझी लाडकी सबब मला स्वतःच्या हाताने खोडावी लागली.

मात्र पन्नास मीटरवर हाच फरक सुमारे आठ मिलिमीटरचा होतो, आणि तिथे दहा गुणांचे वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच पन्नास मीटरवर. या पातळीवरचे नेमबाज काडतुसांचा गट निवडताना रायफल शिकंजात पकडून झाडून पाहतात. जो गट त्या एका नाळेला मानवेल तोच विकत घेतात. दुसऱ्याच्या रायफलीला उत्तम ठरलेला गट आपल्याला चालेलच असे ते धरत नाहीत.

आणि आमच्याकडे? "सब एक जैसी हैं."

माझे म्हणणे एवढेच आहे की, निवडीच्या दिवशी प्रत्येक कॅडेटला सरावातलीच रायफल द्यावी. ते जमत नसेल तर गुणांत न धरता पाच राउंड आधी झाडू द्यावेत, म्हणजे गोळी कुठे लागते ते त्याला कळेल. तेही परवडत नसेल, कारण राउंड मोजून मिळतात हे मलाही ठाऊक आहे, तर निदान निवड गुणांवर न करता गोळ्या किती जवळजवळ लागल्या यावर करावी. माशी सरकवता येते. थरथरणारा हात सरकवता येत नाही. कोणी म्हणेल, सैनिकाला हाती येईल ती रायफल चालवावी लागते. पण सैनिकही स्वतःच्या नावावरची रायफल आधी झाडून, माशी जुळवून घेतो. आम्ही तर अजून पोरे!

हे सगळे मी परवा उस्तादांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, पहले साँस रोकना सीखो." तेही खरेच आहे, माझ्या पाचांतली एक गोळी जरा फटकून गेली होती, ती काही माशीमुळे नव्हे. पण येत्या शिबिरात पहिल्याच दिवशी हातातल्या रायफलीचा क्रमांक मी वहीत लिहून घेणार आहे.