कॅलिफोर्नियात जात नाही म्हणे!

कॅलिफोर्नियातल्या हिंदी मजुरांचा इतिहास सांगायला बसले की सगळे गदरवर येतात. १९१३ची गदर पार्टी, सॅन फ्रान्सिस्कोचा युगांतर आश्रम, लाला हरदयाळ. ठीक आहे. पण त्याच गदरमधला मंगूराम मुगोवालिया कुठं गेला? होशियारपूरकडच्या चांभाराचं पोर. शाळेत वर्गाबाहेर बसवलेलं. १९०९ला तिकडं गेला, शेतांत राबला, गदरमध्ये शिरला, हत्यारांच्या मोहिमेवर जीव घेऊन निघाला. १९२५ला परतला तर गावात विटाळ तसाच. १९२६ला त्यानं आदधर्म उभा केला. १९३१च्या जनगणनेत चार लाखांवर माणसांनी स्वतःला आदधर्मी लिहून घेतलं. देशासाठी मरायला निघालेल्याला देशातच पुन्हा पहिल्यापासून लढावं लागलं. तुमच्या मिरवणुकीत हे बसत नाही.

आता भगतसिंग थिंद बघा. अमेरिकेच्या लष्करात चाकरी केलेला शीख. तेव्हा बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व फक्त गोऱ्याला नाहीतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला. मग त्याच्या बाजूनं कोर्टात काय मांडलं? वर्णभेद मोडा, असं? छे! हा उच्च जातीचा, आर्य रक्ताचा, म्हणून गोराच, असं. वर हेही, की सोयरिकीच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवाशाला गोरा काळ्याला मानतो तेवढंच मानतो. जात दाखला म्हणून पुढं केली! १९२३ला सुप्रीम कोर्टानं तो दाखला फेकून दिला. आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली. जमिनीचा १९१३चा कायदा त्यांच्या मानेवर बसला. जात कामाला आली नाही.

शंभर वर्षांनी, २०२३ला, आयशा वहाब ह्या बाईंनी त्याच राज्यात जातिभेदाविरुद्ध विधेयक आणलं. दोन्ही सभागृहांत पास झालं. तेव्हा आमचेच काही लोक ओरडले, जात हा शब्द कायद्यात घातला की हिंदूंची बदनामी होते. १९२३ला दाखला होता, २०२३ला बदनामी कशी झाली? गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. म्हणे असलेले कायदे पुरेसे आहेत. पुरेसे आहेत तर शब्द लिहायला भीती कसली? हिंदू जगभर गेले तर जात जगाचा प्रश्न होईल, हा केतकरांचा इशारा बाबासाहेबांनी १९१६लाच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितला होता.

त्याच मातीत दुसरी वाटही आहे. डेलानोचे द्राक्षमळे, १९६५. मळेवाले एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीकडून फोडायचे. ८ सप्टेंबरला लॅरी इटलिआँगच्या फिलिपिनो मजुरांनी काम टाकलं. आठ दिवसांनी सीझर चावेझचे मेक्सिकन मजूर त्यांच्यात आले. पाच वर्षं झुंजले. १९७०ला मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. तिथं कुणी कोर्टात रक्त दाखवायला गेलं नव्हतं. तरी आज चावेझ सगळ्यांना ठाऊक, इटलिआँग किती जणांना?

म्हणून मी सांगतो, वरच्याच्या पंगतीत बसायला खालच्याला लाथ मारणारा शेवटी दोन्हीकडून उपाशी उठतो. आम्हाला एकीचे धडे देणाऱ्यांनो, आधी गदरच्या पानावर मंगूरामचं नाव लिहा, जातीसकट लिहा. मग बोलू.