चार इंजिनं, एक धुराडं

आयटी पार्कच्या जाहिरातीत 'शंभर टक्के पॉवर बॅकअप' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. चार जनरेटर, त्यातला एक जादाचा. एक बंद पडला तरी उरलेले तीन भार उचलणार. छान! आता जरा इमारतीच्या मागे जाऊन धुराचे पाईप मोजा. काही ठिकाणी इंजिनं चार आणि वर जाणारा पाईप एकच. खर्च वाचतो, जागा वाचते, वगैरे वगैरे.

कुणी चार सर्व्हर लावून सगळ्यांना एकच स्विच दिला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालटी काढतो. इथे मात्र सगळे चिडीचूप.

बिघडतं काय? चारही इंजिनं क्वचितच एकदम चालतात. दोन चालू, दोन गार. चालू इंजिनांचा धूर सामाईक पाईपातून बंद इंजिनात उलटा शिरतो. गार धातूला लागून त्यातल्या वाफेचं पाणी होतं, ते काजळी आणि आम्ल घेऊन आत उतरतं आणि गंज धरतो. शिवाय हा उलटा झोत बंद इंजिनाचा टर्बो फिरवू शकतो, आणि तेलपंप बंद, म्हणजे बेअरिंग कोरडं! अडीअडचणीला राखून ठेवलेलं इंजिनच आधी सडणार. इंजिन बनवणारे मॅन्युअलमध्ये 'असं करू नका' म्हणून सांगतात, पण वाचतंय कोण?

यावर कन्सल्टंट म्हणणार, "डॅम्पर बसवू की." बसवा. काजळीत आणि ४००-५०० अंशांच्या धगीत ती झडप किती दिवस घट्ट मिटेल, तेही लिहून द्या.

दुसरी काटकसर व्यासाची. १२ इंचीऐवजी १० इंची पाईप टाकला की तेवढ्याच धुराला अडथळा जवळपास अडीच पट. इंजिन घुसमटतं, डिझेल जास्त पितं, धूर काळा होतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे आयएआरसीने २०१२ मध्येच जाहीर केलंय. आणि गळक्या सांध्यातून तो झिरपतो तो आपल्या सातव्या मजल्यावर नाही, जनरेटरच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसलेल्या वॉचमनच्या नाकात.

प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पाईप द्या, थेट वरपर्यंत. धुराडं एकच दिसायला हवं असेल तर चारही पाईप एका आवरणात उभे करा, कुणाची ना नाही. (१० मीटरचा पाईप ४५० अंशांनी तापला की पाचेक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा बेलो विसरू नका.) आणि ऑफिससाठी नवी जागा बघायला जाल तेव्हा कॅफेटेरियाआधी गच्चीवर जा राव, पाईपांची तोंडं मोजा.